रंगीत काचेच्या जुन्या ग्लासांची कंपनी आणि वय: फैजपूरच्या पेटीबद्दल सविस्तर

ताई, इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागावा म्हणून तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. फैजपूरजवळच्या तुमच्या माहेरच्या घराचं धाबं (मातीचं छप्पर) उतरवताना एक लाकडी पेटी निघाली. तीत पेंढ्यात आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेले रंगीत ग्लास आहेत: मधाच्या रंगाचे चार जाड, सोनेरी रेघेचे तीन हिरवे पातळ आणि दोन निळे. आजोबा भुसावळला रेल्वेत होते आणि १९४७ मध्ये विलायतेला परतणाऱ्या साहेबानं हा सेट त्यांना दिला, असं घरात सांगतात. जळगावातल्या एका खरेदीदारानं सगळं ‘ब्रिटिशकालीन’ म्हणून एकगठ्ठा मागितलंय. तुम्हाला कंपनी आणि वय हवं आहे, आणि तो म्हणतो ते खरं का, हेही.

तुम्ही पाठवलेले फोटो मोठे करून पाहिले. हा सेट नाहीच. तीन वेगळ्या पद्धतींनी, तीन वेगळ्या काळांत बनलेले हे ग्लास एका पेटीत येऊन पडले आहेत. मधाळ रंगाचे चार फ्रेंच आहेत, साधारण १९७० च्या दशकात घरात आलेले. त्यांचा साहेबाशी काही संबंध नाही. निळे दोन फिरोजाबादच्या धाटणीचं हातकाम आहे आणि तिन्हींत तेच सगळ्यात नवे. हिरवे तीन खरे जुने आहेत, आणि घरची गोष्ट कुठे लागू पडत असेल तर त्यांनाच. खरेदीदारानं भाव सांगितला तो बहुधा मधाळ ग्लासांकडे बघून, कारण ते दिसायला भारदस्त आहेत. म्हणून आधी प्रत्येक ग्लास वेगळा करा, वेगळ्या कागदावर त्याची नोंद करा, आणि तो कुठल्या वर्तमानपत्रात गुंडाळला होता तो तुकडाही त्याच्याबरोबरच ठेवा. हे शेवटचं फार महत्त्वाचं आहे, त्याकडे पुढे येतो.

लोक सुरुवात रंगापासून करतात आणि तिथेच फसतात. रंग म्हणजे काचेत मिसळलेली खनिजं, आणि त्यांची कृती शे-दीडशे वर्षांत फारशी बदललेली नाही. गडद निळा कोबाल्टचा, हजारात एक भागही त्याला पुरतो. बाटलीसारखा हिरवा लोखंडाचा किंवा क्रोमियमचा. मधाळ रंग लोखंड, गंधक आणि कार्बन एकत्र आले की येतो, म्हणून तो स्वस्त पडतो आणि जगभर सगळ्यांनी तो बनवला. जांभळट छटा मँगनीजची. लाल रंग सोन्याचा, तांब्याचा किंवा सेलेनियम-कॅडमियमचा. यातला कुठलाही रंग १९०० मध्ये होता आणि आजही आहे. रंगावरून वय सांगणारा माणूस अंदाज सांगत असतो, मग तो कितीही ठामपणे बोलो.

दुसरी एक अडचण इंटरनेटनं आणली आहे. हिरवा किंवा मधाळ ग्लास दिसला की फोटो जुळवून लोक त्याला ‘डिप्रेशन ग्लास’ म्हणतात. ती अमेरिकेतल्या १९२९ नंतरच्या मंदीत तिथल्या कारखान्यांनी यंत्रावर काढलेली स्वस्त रंगीत काच. त्या कारखान्यांच्या खुणा ठरलेल्या आहेत. अँकर हॉकिंगचा नांगर आणि त्यावर एच, हेजल-ॲटलसचा मोठा एच आणि त्याच्या पोटाखाली लहान ए, फेडरलच्या ढालीत एफ. अर्थात त्या कारखान्यांनीही कितीतरी माल बिनखुणेचा काढला. पण रावेर-यावलच्या घरात अशी काच निघायची तर ती इथवर आली कशी, हे आधी सांगता आलं पाहिजे. नुसता फोटो जुळला एवढ्यावर ते नाव लावू नका.

मी ग्लास हातात घेतला की आधी उलटा करतो. बूड सगळ्यात जास्त बोलतं. जळगावात सराफांची काही कमी नाही, ओळखीच्या सराफाकडून दहापट मोठं दाखवणारं भिंग घटकाभर मागून घ्या. खिडकीजवळ उभं राहून ग्लास तिरपा धरा म्हणजे उजेड बुडावरून सरपटत जाईल. समोरून पाडलेल्या उजेडात झिजलेली अक्षरं दिसत नाहीत, तिरप्या उजेडात दिसतात. तुमच्या मधाळ ग्लासाच्या दुसऱ्या फोटोत अशीच अर्धवट अक्षरं आहेत: शेवटची तीन ‘एलईएक्स’ वाचता येतात, खाली ‘फ्रान्स’, आणि मध्ये एक आकडा. हा ड्युरालेक्स.

ड्युरालेक्सबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण खानदेशात जुन्या फडताळांत ही काच पुष्कळ निघते आणि दर वेळी तिला इंग्रजांचं ठरवलं जातं. कारखाना फ्रान्समध्ये ऑर्लेआँ शहराजवळ आहे. ड्युरालेक्स हे नावच १९४५ चं. एकात एक बसणारा त्यांचा ‘जिगोन’ ग्लास १९४६ चा, आणि खाली निमुळता, उभे पैलू असलेला ‘पिकार्डी’ १९५४ चा. तुमच्याकडचा पिकार्डी आहे. म्हणजे १९४७ मध्ये निघालेल्या साहेबाच्या हातात तो असूच शकत नाही. वाद तिथेच संपतो. बुडावरच्या आकड्यावरून मात्र काही ठरवू नका. तो साल नाही, साच्याचा क्रमांक आहे. फ्रान्समधली शाळकरी मुलं जेवणाच्या वेळी त्या आकड्याला स्वतःचं वय मानून खेळायची. आपल्याकडे ४७ दिसला की लोक स्वातंत्र्याचं वर्ष म्हणतात, तेही तसंच.

ही काच कडक केलेली असते. ग्लास तापवून त्यावर एकदम गार हवेचा झोत सोडतात, त्यामुळे बाहेरचा थर आवळून बसतो आणि आतला ताणलेला राहतो. फुटली की मोठे धारदार तुकडे होत नाहीत, बारीक खडे होतात. हे न फोडताही तपासता येतं. घरात पोलराइज्ड गॉगल असेल तर लॅपटॉपवर कोरं पांढरं पान उघडा, ग्लास पडद्यासमोर धरा आणि गॉगलमधून बघत गॉगल हळूहळू फिरवा. कडक केलेल्या काचेत काळे-पांढरे किंवा रंगीत पट्टे ठळक दिसतात, साध्या नीट निववलेल्या काचेत जवळजवळ काहीच दिसत नाही. हिरव्या ग्लासावरही हा प्रयोग करा, फरक लगेच कळेल.

मग ड्युरालेक्स फैजपूरपर्यंत आला कसा? परदेशी घरगुती वस्तू बाहेरून आणण्यावर आपल्याकडे दीर्घकाळ कडक निर्बंध होते, त्यातले शेवटचे १ एप्रिल २००१ ला उठले. त्याआधीच्या काळात असा माल आखातातून परतणाऱ्यांच्या सामानातून यायचा, नाहीतर मुंबईतल्या मुसाफिरखान्यासारख्या बाजारातून. भुसावळहून रात्रीच्या गाडीनं मुंबई गाठणाऱ्यांना तो बाजार ठाऊक होता. तुमच्या घरात १९७० च्या दशकात कोण आखातात होतं किंवा मुंबईला सारखं जात-येत होतं, ते आत्याला विचारून घ्या. कंपनी काचेवर लिहिलेली आहे, घरात आणणारं माणूस मात्र आत्याच सांगू शकेल.

आता साच्याची रेघ. बाटल्यांबद्दलचा एक नियम लोकांनी पाठ केलेला आहे: उभी रेघ ओठावरून वरपर्यंत गेली असेल तर यंत्राची बाटली, खाली थांबली असेल तर हातची. बाटलीपुरता तो बऱ्यापैकी चालतो, कारण ओवेन्सचं बाटलीयंत्र विसाव्या शतकाच्या सुरुवातीचं आहे. ग्लासाला तो लावू नका. साच्यात वितळलेली काच टाकून वरून दट्ट्या दाबायची पद्धत अमेरिकेत १८२० च्या दशकातच सुरू झाली होती. म्हणजे रेघ असलेला ग्लास दीडशे वर्षांचाही असू शकतो आणि मागच्या दिवाळीचाही. उलट बाजूनंही तेच. रेघ नाही म्हणून तो हाताचा, असंही नाही. साच्याला आतून ओला कार्बनी लेप देऊन त्यात ग्लास फिरवत फुंकतात तेव्हा रेघ पुसून जाते. हे काम माणूसही करतो, यंत्रही करतं. खूण म्हणून अंगावर अगदी बारीक आडव्या वळ्या राहतात, भिंगातून दिसतात.

फुंकलेला की दाबलेला, हे बोटाला कळतं. बाहेर पैलू किंवा नक्षी असेल तर आतून बोट फिरवा. आत गुळगुळीत लागलं तर दट्ट्यानं दाबलेला. बाहेरचा उंचवटा आत खोलगट लागला तर साच्यात फुंकलेला.

काठावर मी बुडाइतकाच वेळ घालवतो. आचेवर गोल केलेला काठ जरा फुगीर आणि मऊ असतो. वरचा जादा भाग तडकवून काढून मग घासलेला काठ सपाट असतो, त्याच्या दोन्ही कडा जाणवतात आणि भिंगातून घासल्याच्या बारीक रेषा दिसतात. तुमच्या हिरव्या तिघांचे काठ असे घासलेले आहेत, अंगावर रेघ नाही, बुडावर कंपनी नाही. पातळ काच, आडव्या वळ्या, काठाला भट्टीत पक्की केलेली सोनेरी रेघ, आणि ती रेघ नेमकी ओठ लागतो तिथेच उडालेली. असा ग्लास चेकोस्लोव्हाकियात, बेल्जियममध्ये, जपानमध्ये आणि आपल्याकडेही बनायचा. देशाचं नाव असलंच तर कागदी लेबलवर असायचं, आणि पहिल्या धुण्यात ते जायचं. म्हणून या तिघांना पाण्यात घालण्याआधी बुडाभोवती कागदाचा, गोंदाचा मागमूस आहे का ते बघा. ‘मेड इन ऑक्युपाइड जपान’ असा तुकडा मिळाला तर काळ दुसऱ्या महायुद्धानंतर १९५२ पर्यंतचा. ‘चेकोस्लोव्हाकिया’ मिळालं तर १९१८ नंतरचा, कारण तो देशच तेव्हा झाला.

इथे आपल्या मराठी घरांतली एक सवय सांगितली पाहिजे. जुनी काच निघाली की दोनच नावं घेतली जातात, ओगलेवाडी आणि तळेगाव. दोन्हींबद्दल मला मनापासून आदर आहे. अंताजी दामोदर काळे यांनी पैसा-पैसा गोळा करून उभारलेल्या पैसाफंडाचा काचकारखाना तळेगाव दाभाड्याला १९०८ मध्ये सुरू झाला, त्यामागे टिळकांचं बळ होतं, आणि जपान-अमेरिकेत काचेचं काम शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय तिथे होते. कऱ्हाडजवळच्या ओगल्यांच्या कारखान्यानं प्रभाकर कंदील घरोघर नेला. पण आदर हा पुरावा नव्हे. बुडावर खूण, पेटीवर लेबल किंवा पावती, यातलं काही नसताना हिरव्या ग्लासाला तळेगावचा म्हणणं म्हणजे त्या कारखान्याच्या खऱ्या वस्तूंची किंमत कमी करणं. नंतरच्या देशी मालात वडोद्याच्या अलेम्बिकचा ‘येरा’ बुडावरच नाव घालतो, त्यामुळे तो ओळखायला सोपा. बोरोसिल १९६२ चं, पण त्याची ओळख बिनरंगी, उष्णता सोसणाऱ्या काचेची. तुमच्या पेटीत दोन्ही नाहीत.

निळ्यांच्या बुडाशी मधोमध खरखरीत खूण आहे, घडवताना ग्लास ज्या लोखंडी दांडीवर धरतात तिच्यावरून तो तोडल्याची. अंगात बुडबुडे आहेत, काठ थोडा वरखाली आहे. ही हातची काच, यात शंका नाही. पण हातची म्हणजे जुनी, हा समज काढून टाका. फिरोजाबादला आजही माणसं फुंकनळीनं ग्लास फुंकतात, आणि सजावटीच्या मालात बुडबुडे मुद्दाम ठेवतात, कारण गिऱ्हाइकाला ते जुने वाटतात. तुमच्या दोघांची तोडल्याची खूण अजून बोचरी आहे आणि टेकणारी कड जवळजवळ कोरी आहे. वापरातल्या ग्लासाची कड अशी राहत नाही. पेटीत कुठे पुठ्ठ्याचा तुकडा मिळाला आणि त्यावर ‘फिरोजाबाद, जि. आग्रा’ असेल तर तो १९८९ च्या आधीचा, कारण त्या वर्षी फिरोजाबाद स्वतंत्र जिल्हा झाला.

झिजेबद्दल खानदेशापुरतं थोडं. आपल्याकडे भांडी राखेनं घासली जायची, काचेची सुद्धा. त्यामुळे जुन्या ग्लासाच्या अंगावर, आत-बाहेर, सगळ्या दिशांना केसासारखे ओरखडे असतात आणि टेकणारी कड दुधाळ झालेली असते. कोणी जुना दाखवण्यासाठी पॉलिशपेपर मारला असेल तर ओरखडे एकाच दिशेचे, एकाच खोलीचे दिसतात. दुसरं म्हणजे विहिरीचं जड पाणी. त्याचा पांढरा थर चढतो आणि लोक त्याला काच जुनी झाल्याची खूण समजतात. पांढऱ्या व्हिनेगरमध्ये थोडा वेळ ठेवलं की तो थर सुटतो. सुटला नाही तर काचच ओलीनं खाल्ली गेली आहे, ओल्या कागदात वर्षानुवर्षं गुंडाळून ठेवलं की तसं होतं, आणि तो डाग घरच्या उपायानं जात नाही. सोनेरी रेघेच्या ग्लासांना व्हिनेगर लावू नका, राख तर नाहीच नाही. कोमट पाणी आणि मऊ फडकं एवढंच.

घरच्या घरी करण्यासारखी आणि खरोखर काही सांगणारी एक तपासणी आहे, ती हिरव्यांवर करा. किराण्याच्या छोट्या डिजिटल काट्यावर कोरडा ग्लास तोला. मग काट्यावर पाण्याचं पातेलं ठेवून काटा शून्यावर आणा. ग्लास दोऱ्यानं बांधून पाण्यात पूर्ण बुडवा. तो बुडाला, भिंतीला टेकता कामा नये, आत हवेचा बुडबुडा अडकता कामा नये. आता काटा जितके ग्रॅम दाखवेल तितके घनसेंटिमीटर काचेचं आकारमान. कोरड्या वजनाला त्यानं भागा. समजा ग्लास १५० ग्रॅम आणि काटा ६० दाखवतो, तर उत्तर २.५, म्हणजे साधी सोडा-चुन्याची काच. उत्तर २.९ किंवा ३ च्या वर गेलं तर शिसं मिसळलेलं महागडं क्रिस्टल. २.२ च्या आसपास आलं तर बोरोसिलिकेट, म्हणजे उष्णता सोसणारी काच. माझा कयास तुमचे हिरवे २.५ ला येतील असा आहे. पण ३ निघालं तर चित्र बदलेल आणि चेकोस्लोव्हाकियातल्या बोहेमियाकडे किंवा बेल्जियमकडे गंभीरपणे बघावं लागेल.

अतिनील टॉर्चही मिळतो, घेणार असाल तर ३६५ नॅनोमीटरचा घ्या. अंधारात हिरवा ग्लास झगझगीत पोपटी उजळला तर काचेत युरेनियम आहे. महायुद्धाच्या काळात युरेनियमवर सरकारी ताबा आला तेव्हा ही काच बनणं जवळजवळ थांबलं, १९५० च्या दशकाच्या अखेरीस ते पुन्हा मोकळं झालं. कपाटात ठेवायला ती धोक्याची नाही. फिकट हिरवट उजाळा मँगनीजचाही असतो, त्याला युरेनियम समजू नका.

आता पेटी आणि कागद. मला या सगळ्यात सर्वांत मोलाचे वाटले ते तेच. पेटीच्या बाजूला पार्सलचं लेबल आहे आणि त्यावर जी.आय.पी. (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेचं नाव. ती रेल्वे ५ नोव्हेंबर १९५१ ला मध्य रेल्वेत गेली. छापलेली लेबलं संपेपर्यंत वापरतात, म्हणून दोन-तीन वर्षं इकडेतिकडे धरा. पत्त्यातलं ‘पूर्व खानदेश’ही त्याच काळाशी जुळतं. खानदेशचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे १९०६ मध्ये झाले आणि महाराष्ट्र राज्य आलं त्या सुमारास त्यांची जळगाव आणि धुळे ही नावं झाली. पण हे वय पेटीचं. रिकामी पेटी आपल्या घरात कोणी टाकत नाही, त्यामुळे पेटी जुनी म्हणून आतला माल जुना, असं होत नाही.

म्हणून कागद बघायचे. मधाळ ग्लासावरच्या तुकड्यात एका दुकानाच्या जाहिरातीत ४२५ नं सुरू होणारा सहा आकडी पिन आहे. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला आला. म्हणजे हे ग्लास त्यानंतरच कधीतरी गुंडाळले गेले, ड्युरालेक्सच्या काळाशी ते नीट बसतं. हिरव्यावरच्या तुकड्यात भाव रुपये-आण्यांत आहेत. नवे पैसे १ एप्रिल १९५७ ला आले, त्यानंतरही काही वर्षं लोक आण्यांत बोलत राहिले, पण छापील भाव हळूहळू बदलले. म्हणजे हिरवे आणि जी.आय.पी.ची पेटी बहुधा एका काळातले, आणि मधाळ व निळे त्याच पेटीत मागाहून ठेवलेले. साहेब, रेल्वे, १९४७ हे सगळं या तीन हिरव्यांना लागू पडू शकतं. सिद्ध होत नाही, पण खोटंही पडत नाही.

खरेदीदाराला एकगठ्ठा देऊ नका. मधाळ आजही वापरात ठेवण्यासारखे आहेत, आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) पन्हं त्यातच द्या. फक्त काठाला टवका उडाला असेल तर तो ग्लास बाजूला काढा, कारण कडक केलेली काच दुखावली की नंतर अचानक फुटू शकते. हिरव्यांतून आंबट काही पिऊ नका, जुन्या रंगीत आणि सोनेरी सजावटीत शिसं असण्याची शक्यता धरूनच चालावं. विकायचेच झाले तर त्यांची ओळख एवढीच लिहा: ‘फुंकलेले हिरवे ग्लास, घासलेला काठ, सोनेरी रेघ, बिनखुणेचे, बहुधा १९५० च्या दशकातले किंवा त्याआधीचे, जी.आय.पी. लेबलच्या पेटीसह’. पेटी आणि कागद वेगळे करून विकू नका. जाणकार गिऱ्हाईक त्याचेच पैसे देतं.

मला तीन गोष्टी पाठवा: हिरव्या ग्लासाच्या बुडाचा तिरप्या उजेडातला फोटो, पाण्यातल्या तोलाचे दोन आकडे, आणि त्या आण्यांच्या भावाच्या कागदाची दुसरी बाजू. तिथे तारीख किंवा गावाचं नाव असेल तर हिरव्यांचा काळ आणखी बराच आत आणता येईल.